गालावरच्या जांभळ्या रेषा

वास

आधी वासाबद्दल सांगतो, कारण त्याबद्दल कोणी लिहीत नाही. आजारातून उठलेल्या माणसांनी लिहिलेलं मी मासिकांतून वाचलं आहे. त्यात वेदना असते, देवाचं नाव असतं, डॉक्टरांचे आभार असतात. सडणाऱ्या मांसाचा वास कुठेच नसतो. माझ्या तोंडाला तो वास होता. पोळ्याच्या सुमारास सुरू झाला आणि दसऱ्यापर्यंत असा वाढला की सोनं द्यायला आलेली माणसं उंबऱ्याबाहेरूनच आपट्याची पानं देऊन गेली.

मी कपडे शिवतो. पिंपळगाव राजाला बाजाराच्या रस्त्यावर माझं दुकान आहे. शिवताना बिडी चालत नाही, कापडावर ठिणगी पडते. म्हणून आमच्या धंद्यातली बरीच माणसं तंबाखू धरतात. मीही धरत होतो. हात मशीनवर, पाय पायट्यावर आणि डाव्या गालात तंबाखू-चुन्याची गोळी, सकाळपासून दिवे लागेपर्यंत. त्याच गालात आतून आधी पांढरा चट्टा आला, मग जखम झाली, मग जखमेवर फुलकोबीसारखं काहीतरी वाढू लागलं. जिभेने चाचपलं की रक्त यायचं. मी दिवसभर चाचपायचो.

शर्टाचं माप घेताना गिऱ्हाइकाच्या तोंडाजवळ तोंड न्यावं लागतं. एक जुनं गिऱ्हाईक उभं होतं. मी फीत त्याच्या गळ्याभोवती घातली तशी त्याने मान वळवली.

"मास्तर, उंदीर मेला वाटते दुकानात."

"हाव," मी म्हणालो, "कालपासून शोधून राह्यलो."

तो भला माणूस. त्याने कपाट सरकवायला हात लावला. आम्ही दोघांनी मिळून दुकानभर उंदीर शोधला. मी वाकून मशीनखालीसुद्धा पाहिलं.

घरी बायको कोमट पाण्यात तुरटी टाकून आणायची आणि माझ्यापुढे तस्त धरायची. मी चूळ भरून थुंकलो की ती तस्त उचलून परसात जायची, आणि तिथे तिला उलटी व्हायची. परत आली की पदराने तोंड पुसत म्हणायची, "पित्त झालं मले." रोज पित्त. मला तिची दया यायला हवी होती. मला राग यायचा. तिच्या उलटीच्या आवाजाचा राग, तिच्या खोटं बोलण्याचा राग. लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं.

खिडकी

खामगावच्या डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात तोंड पाहिलं, बॅटरी विझवली, उठले, आणि जाऊन खिडकी उघडली. मग खुर्चीवर येऊन बसले. त्यांनी तोंड उघडण्याआधीच मला कळलं होतं.

"किती दिवस झाले?"

"महिनाभर झाला असंन," मी म्हणालो.

"पोळ्याच्या आगोदरपासून हाय," बायको म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. "कॅन्सर आहे. मुंबईला घेऊन जा. गावात कोणाच्या नादी लागून डाग देऊ नका, बिब्बा लावू नका."

"लागते काय हे घरात दुसऱ्याले?"

"नाही."

तिने पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा नाही म्हटलं. तरी घरी आल्यावर माझं ताट, लोटा वेगळा झालाच. कोणी केला ते मी विचारलं नाही. मीच केला असता.

माझा धाकटा भाऊ नामदेव शेती पाहतो. तो म्हणाला, "दादा, मुंबईले जा, लागन ते करू. पन गावात दाढ म्हनाची. दाढेचं आपरेशन. विमलचं जमेपर्यंत दुसरा शब्द नाही काढाचा."

विमल माझी एकुलती मुलगी. त्या वर्षी तिचं लग्न करायचं ठरलं होतं. ज्या घरात असा रोग, त्या घरची मुलगी कोणी करत नाही. हे आम्हाला पक्कं माहीत होतं, कारण आम्हीही केली नसती.

नवं यंत्र

दिवाळीनंतर आम्ही नवरा-बायको शेगावला गाडीत बसलो. मुंबईच्या त्या दवाखान्याजवळ एक धर्मशाळा होती, तिच्यात रोग्यांना जागा देत. तिथे आल्यावर मला पहिल्यांदा माझ्यासारखी माणसं दिसली. ज्याला गाल नाही असा माणूस. नाकाच्या जागी फडकं बांधलेली बाई. मला किळस आली. आपणही तेच आहोत हे कळूनसुद्धा आली.

पहिल्या दिवशी सिस्टरने तोंड धुतलं. चिमटा आत घालून ती म्हणाली, "डोळे मिटा." मी मिटले नाहीत. चिमट्याच्या टोकाला पांढरी अळी होती, हलत होती. सिस्टरने ती बशीत टाकली आणि पुन्हा चिमटा घातला. तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. घरच्या माणसांच्या तोंडावर मी जे महिनोन्महिने पाहत होतो, ते तिच्या तोंडावर नव्हतं, आणि एवढ्यानेच मी रडलो. लोकांना वाटलं दुखतं आहे.

मोठ्या डॉक्टरांनी मानेवरून बोटं फिरवली. मानेतही गाठ होती.

"आजार पुढे गेलाय," ते म्हणाले. "कापलं तर अर्धा जबडा जाईल, आणि एवढं करूनही तो परत येतो. आमच्याकडे कोबाल्टचं नवं यंत्र आलंय. त्याचे किरण खोल जातात. इतक्या वाढलेल्या आजाराला ठरलेल्या मापाने, मध्ये खंड न पडता ते दिले तर काय होतं, हे आम्हाला पाहायचंय. थोडीच माणसं घेतोय. तुमची तयारी असेल तर तुम्हाला घेतो."

"म्हंजे मी बरा होईन?"

"ते माहीत असतं तर पाहायची गरज पडली नसती."

हे उत्तर मला आवडलं. तोपर्यंत सगळे मला धीर देत होते, आणि धीर देताना श्वास रोखून धरत होते.

आधी दात काढले, सगळे. किरणांनी हाड कमकुवत होतं, मग दात किडला तर जबडाच सडतो, असं त्यांनी सांगितलं. शिंप्याची सवय असते, दोरा कात्रीने न तोडता दाताने तोडायची. दात गेल्यावर कितीतरी दिवस माझा हात आपोआप दोरा तोंडाकडे नेत असे. हातात दोरा नसतानाही.

मग गालावर आणि मानेवर रेषा काढल्या. काडीला कापूस गुंडाळून जांभळ्या औषधाने, मोजून मापून. कानापुढून हनुवटीपर्यंत, खाली मानेवर चौकोन. आमच्या खडूच्या रेषांसारख्याच. डॉक्टर म्हणाले, "याला पाणी नाही, साबण नाही, तेल नाही. दाढी करायची नाही. तंबाखू तर नाहीच. रेषा गेली तर किरण नेमके कुठे गेले ते मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. आणि मग तुमच्यावरून मला काहीच कळणार नाही."

मी हसलो. कापडावरची खडूची रेघ गेली तर कात्री अंदाजाने चालते हे मला कोणी शिकवायला नको होतं.

व्हरांडा

यंत्राच्या खोलीत काही दुखत नाही. लोक त्याला 'शेक' म्हणतात, पण शेकल्यासारखंही काही वाटत नाही. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावतात, हलायचं नाही. मग सगळे बाहेर जातात आणि हातभर जाड दार लागतं. खोलीत मी आणि माझा वास. त्या दारामागे मला वाटायचं, या लोकांनी शेवटी योग्य ते केलं.

दुखणं नंतर सुरू झालं. तोंड आतून सोलून निघालं. थुंकी गेली, तिच्या जागी खळीसारखा चिकट पदार्थ आला, तो बोटाने ओढून काढावा लागे आणि तार तुटत नसे. चव गेली. दूध खडूसारखं लागायचं आणि वरण मातीसारखं. बायको भात कुस्करून, पातळ करून, गाळून द्यायची. मी ते थुंकून तिच्यावर ओरडायचो, आणि ओरडल्यावर तोंडातून रक्त यायचं.

या दिवसांत मला एकच माणूस बसायला मिळाला. सुलतानपूरचा सुखदेव. दगड फोडायचं काम करायचा. त्याच्या जिभेला आणि जबड्याला झालं होतं. त्याचं कापता येण्यासारखं नव्हतं आणि कोबाल्टच्या पहिल्या तुकडीची जागा भरली होती. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, या लोकांचं पाहू, ठीक दिसलं तर दुसरी तुकडी घेऊ. तो व्हरांड्यात अंथरूण टाकून वाट पाहत होता.

पहिल्या दिवशी तो माझ्याजवळ येऊन बसला तसा मी तोंडावर रुमाल धरला.

"ठेवा तो रुमाल खिशात, मास्तर," तो जड जिभेने म्हणाला. "माह्याच वासानं माहं नाक मेलं हाय. तुमचा वास मले कुठून येईन?"

"मलेही नाही येत तुमचा."

"मंग झालं तं. दोघाईचं लगन लावून देऊ."

एवढं घाण बोलणं आणि एवढं मोकळं हसणं माझ्या नशिबात पुन्हा आलं नाही. गावात असतो तर सुखदेवच्या लोट्यातलं पाणी मी प्यालो नसतो. इथे त्याचाच लोटा तोंडाला लावून चूळ भरत होतो. माझा वेगळा लोटा पिंपळगावला राहिला होता.

तो रोज मला तोंड उघडायला लावायचा. उजेडाकडे तोंड फिरवून वाकून पाहायचा.

"उघडा, अजून. बाप्पा! लहान झालं न लेकाचं! मास्तर, तुमच्या गालावर माहा डोळा हाय. तुमचा गाल पास झाला का माहा लंबर."

खरंच लहान झालं होतं. मानेतली गाठ बोटाला लागेना. एक दिवस बायको तस्त घेऊन गेली आणि उलटीचा आवाज आला नाही. मी कान देऊन बसलो होतो. परत आली तेव्हा तीही माझ्याकडे पाहत होती.

नामदेवचं कार्ड आलं ते त्याच आठवड्यात. मलकापूरकडचे पाहुणे रविवारी विमलला पाहायला येत आहेत. स्थळ चांगलं आहे. मुलाचा मामा फार चौकस आहे, बाप दिसला नाही तर शंका घेईल. शनिवारी ये, रविवारी रात्रीच्या गाडीने परत जा.

शनिवार-रविवार यंत्र बंदच असे. मी मनाशी म्हटलं, खंड तर पडत नाही. डॉक्टरांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते.

पाहुणे

रविवारी सकाळी मी परसात आरसा घेऊन बसलो. जांभळ्या रेषांचं तोंड घेऊन पाहुण्यांसमोर कसं बसायचं? दाढ दुखते म्हणून कोणी तोंडावर चौकोन काढत नाही. साबणाने रेषा गेल्या नाहीत. मी मशीन पुसायला ठेवलेलं रॉकेल घेतलं आणि कापसाचा बोळा भिजवला.

बायको मागे येऊन उभी राहिली. "नका पुसू वो. डाक्टरनं सांगतलं न. दुपट्टा गुंडाळा तोंडाले, थंडी हाय म्हना."

"तोंड झाकून पोरगी दाखवतात काय? बापाचं तोंड पाह्यल्याशिवाय कोन पोरगी घेते?"

"मंग नाही घेतली तं नाही घेतली."

असं ती म्हणाली होती. मला शब्द न् शब्द आठवतो. मी बोळा गालावर दाबला आणि ओढला. जांभळा रंग आला आणि रंगाबरोबर कातडी आली, दुधावरच्या सायीसारखी. खाली ओलं, लाल मांस. ते वाळल्यावर मी त्यावर विमलचा पावडरचा डबा घेऊन पावडर थापली. आरशात मला एक पांढरा फटफटीत, दात पडलेला म्हातारा दिसला, तमाशातल्या सोंगाड्यासारखा. मला तो बरा वाटला. रेषा नव्हत्या.

घरात ऊद जाळला होता. पाहुणे आले: मुलगा, त्याचे वडील, मामा. विमलने पोह्यांच्या बशा आणल्या. मामा गमतीदार होता.

"शिवन येते का, पोरी?"

"येते."

"टेलरची पोट्टी! शिवन नाही येईन तं का कापूस वेचन?"

सगळे हसले. मीही हिरड्या न दाखवता हसलो. मुलाने विमलकडे दोनदा पाहिलं. नामदेवने मला डोळ्याने खूण केली, जमलं म्हणून. तेवढ्यात मामाने कमरेची चंची सोडली. तंबाखू घेतली, चुना लावला, तळहातावर मळली, थापटली आणि हात माझ्यापुढे केला.

"घ्या, मास्तर. सोयरीक कराची तं एका हातची तंबाखू खाल्ली पाहिजे."

आमच्याकडे ही रीत आहे. समोर आलेला तळहात परत पाठवला तर माणूस परत पाठवला.

"माही दाढ..." मी म्हणालो.

"दाढेले तं अवषिदच हाय हे! घ्या, घ्या."

नाही म्हणता येत होतं. कोणी माझा गळा धरला नव्हता. मी चिमूट उचलली आणि तोंडात टाकली.

आत कातडी नव्हतीच. चुना उघड्या मांसाला लागला. मी ओठ दाबून धरले, डोळ्यांतून पाणी आलं, मग ओठांच्या कोपऱ्यातून लाल लाळ गळायला लागली, हनुवटीवरून पांढऱ्या सदऱ्यावर. पावडर ओघळली. मामा बोलता बोलता थांबला. मी थुंकायला उठू शकेना.

विमल आतून आली. कोणी बोलावलं नव्हतं. तिने एका हाताने माझं कपाळ धरलं, दुसऱ्या हाताने हाताला लागली ती पोह्यांची बशी माझ्या हनुवटीखाली धरली. "बाबा, थुका."

मी थुंकलो. पाहुण्यांसमोर, पोह्यांवर. तंबाखू, रक्त आणि तो खळीसारखा चिकट पदार्थ. त्याची तार बशीपासून माझ्या ओठापर्यंत लोंबत राहिली, ती विमलने पदराने तोडली.

मग ती पाहुण्यांकडे न पाहता म्हणाली, "क्यान्सर हाय बाबाले. मुंबईले दवा चालू हाय."

नामदेव भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पाहुणे उठले. मामा जाता जाता रांजणाजवळ थांबला, पाणी घेतलं आणि हात धुतला. ज्या तळहातावरून मी तंबाखू उचलली तोच हात, माती लावून, पुन्हा पुन्हा. "कळवतो," तो म्हणाला. काही कळवलं नाही. मला त्याचा राग नाही. त्याच्या जागी मीही माती लावली असती.

सोमवार

यंत्रावरच्या माणसाने माझं तोंड पाहिलं आणि डॉक्टरांना बोलावलं.

"रेषा?"

"घामानं गेल्या."

"घामाने कातडी सोलत नाही." त्यांनी गालाजवळ नाक आणलं. त्या वासाने जे कधी मागे सरकले नव्हते, ते डॉक्टर रॉकेलच्या वासाने सरकले. "आणि तोंडात हे काय? तंबाखू?"

मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. रागावतील असं वाटलं होतं. ते दमल्यासारखे बसले.

"हे भरून येईपर्यंत किरण देता येणार नाहीत," ते म्हणाले. "तोपर्यंत खंड पडेल. नंतर पुन्हा माप घेऊन पुरं करू, तुमची दवा मी सोडणार नाही. पण तुम्ही त्या पाहणीत आता नाही. बरे झालात तरी ते कशाने झालात, गेलात तरी कशाने गेलात, मला सांगता येणार नाही. अजून दोघांनी असंच केलंय. एक गावी निघून गेला, एकाने अंगाला एरंडेल चोपडलं. उरलेल्यांवरून मी काय सांगू? दुसरी तुकडी कोणत्या तोंडाने मागू?"

मी व्हरांड्यात आलो. सुखदेव अंथरुणावर उठून बसला होता.

"गाडी लेट झाली काय, मास्तर? उघडा पाहू तोंड."

मी उघडलं नाही. खोटं बोलता आलं असतं. डॉक्टर माझ्याबद्दल त्याला काही सांगणार नव्हते. पण त्याचा चेहरा इतका उत्सुक होता की मला ते असह्य झालं, आणि मी बोलून टाकलं. रेषा, रॉकेल, तंबाखू, दुसरी तुकडी. बोलताना त्याच्या तोंडातून लाळ गळायची, ती पुसायला तो नेहमी माझ्याकडून बोळा मागायचा. त्या दिवशी मागितला नाही.

"पोरीचं जमलं काय?" त्याने विचारलं.

"नाही."

"मंग कायले पुसल्या?"

त्याने लोटा उचलला, अंथरुणाची वळकटी केली आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. माझं तोंड भरून आलं, किरण पुन्हा सुरू झाले, मी रोज त्याच्यासमोरून यंत्राच्या खोलीत जायचो. तो भिंतीकडे तोंड करून निजलेला असायचा. एक दिवस ती जागा रिकामी होती. तिथली फरशी फिनेलने धुतलेली होती. घरी घेऊन गेले, असं सिस्टर म्हणाली. होळीच्या आधी तो गेल्याचं मला लोणारच्या एका रोग्याकडून कळलं.

दुसरी तुकडी निघाली असती तर तो जगला असता का? डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. मीही सांगू शकत नाही. पण त्याला ते पाहायचं होतं, आणि त्याचं पाहणं मी पुसलं.

आता

मी बरा आहे. तोंड दोन बोटं उघडतं. थुंकी परत आली नाही, घास पाण्यासोबत गिळतो. डाव्या गालाला दाढी येत नाही, कातडी चामड्यासारखी काळी आणि ताठ आहे. दुकान चालू आहे. चव अर्धी आली. गोड कळतं, तिखट नुसतं भाजतं. विमल खामगावला नर्सबाईचं शिक्षण घेते आहे. तिचं लग्न जमेल किंवा नाही. आता कोणी विचारलं तर ती आधीच सांगते, बापाला काय झालं होतं ते. बायको अजून माझ्या तोंडाकडे पाहताना क्षणभर श्वास धरते. वास गेला, तिची सवय गेली नाही. मी ते पाहिल्याचं दाखवत नाही.

तपासणीला मी दर वर्षी मुंबईला जातो. मागच्या खेपेला डॉक्टरांनी तोंडात आरसा घालून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "काही नाही. स्वच्छ."

"मग मले घ्या ना तुमच्या पाहणीत," मी म्हणालो. "वाचलो तं खरा."

त्यांनी मान हलवली. "तुम्ही वाचलात, मला आनंद आहे. पण मला त्यावरून काही म्हणता येत नाही." मग त्यांना काही सुचलं. "बाहेर नवे लोक बसलेत. घाबरलेत. त्यांना तुमचा गाल दाखवा."

बाहेर बाकावर आपल्याकडचंच एक जोडपं होतं, बोलण्यावरून कळलं. नवऱ्याच्या गालावर नुकत्याच जांभळ्या रेषा काढलेल्या. बायकोने पदर नाकाला लावलेला, आणि लावल्याची लाज डोळ्यांत.

"तुमी बरे झाले न, भाऊ?" तिने विचारलं. "सांगा न यायले. हे खातही नाहीत, बोलतही नाहीत. पुढच्या हप्त्यात पुतनीचं लगन हाय, तिथी जाऊ म्हन्तात, या रेषा धुऊन."

मी त्या माणसाशेजारी बसलो. वास आला. तोच वास, ओळखीचा. मी नाकावर हात नेला. मी, नाकावर हात. तो माणूस माझ्याकडे पाहत होता, आणि त्याने तो हात पाहिला.

हात खाली घेऊन मी त्याला सांगायला सुरुवात केली. बरा झाल्याचं नाही सांगितलं. आधी रॉकेलचं सांगितलं, मग पोह्याची बशी, मग सुखदेवचं. त्याची बायको ऐकता ऐकता माझ्यापासून जराशी बाजूला सरकली. माझा वास येण्याचं आता काही कारण नव्हतं. तिच्या तोंडावर जे होतं ते मी ओळखलं, आणि ते माझ्या वाट्याचंच होतं.

माझं संपल्यावर ती उठली. नवऱ्यासमोर उभी राहिली, आणि पदर नाकावरून काढून त्याच्याकडे वाकली.

"ऐकलं न?" ती म्हणाली. "लगन आपल्याबिगर लागते. गावाले नाही जाचं."

गालाकडे नेलेला हात त्याने मध्येच थांबवला आणि मांडीवर ठेवला.